अप्पांची काळी दोन

३ ऑक्टोबर

ही डायरी फुकटची आहे. आमच्या वाघोलीच्या रानात ज्यानं अठरा मजले चढवले, त्यानं जानेवारीत गावभर वाटली होती. फुकट देणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच, म्हणून मी ती उघडली नव्हती. आज उघडली, कारण आज झालं ते लिहून ठेवलेलं बरं. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडं काहीतरी पाहिजे.

झालं असं. गावातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी डीजेच्या गाडीवर चढून गाणी म्हणत होतो. माईक हातात कसा आला ते मलाही आठवत नाही. खाली उतरलो तर एक चष्मेवाला उभा. नाव श्रीधर, पुण्यात स्टुडिओ आहे, स्पीकरवाल्याचा दोस्त.

"तुला अशी किती गाणी पाठ आहेत?"

"तुम्ही दमाल ऐकून."

"मग शनिवारी ये. एका मोठ्या गायकाला शिकवायचीत."

मोठ्या गायकाला, आणि मी? बारावीत दोनदा आपटलेला? मी हसलो. तो हसला नाही. तिथंच मला वास आला.

गायक म्हणजे माधव उकिडवे. आमचा दादा हिंदुराव म्हणाला, "ते अजून हायत?" आई भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "त्येंचं गाणं लागलं की तुझा बा रेडिओ मोठा करायचा. बातम्यांना बी कधी केला न्हाई."

६ ऑक्टोबर

शनिपारापाशी तिसरा मजला. दार एका बाईंनी उघडलं. बारीक, गोऱ्या, कपाळाला आठी.

"तू भैरू?"

"हो."

"मग चपला आत काढ. बाहेरच्या जातात. आणि घरात आल्यावर दार आपण लावायचं असतं, ते आपोआप लागत नाही."

या हेमाकाकू. अप्पांच्या, म्हणजे उकिडव्यांच्या बायको, आणि पन्नास वर्षं त्यांच्या पेटीवाल्या. अप्पा खुर्चीत ताठ बसलेले, इस्त्रीचा बुशशर्ट, घरातसुद्धा हातात घड्याळ. मी काका म्हटलं तर म्हणाले, "काका मी माझ्या पुतण्याचा. तू अप्पा म्हण, त्याला भाडं पडत नाही."

काम असं आहे. सध्या गाजतायत ती दहा गाणी अप्पा त्यांच्या भावगीताच्या ढंगात गाणार. एका कंपनीला वाटतंय की पोरं वेडी होतील. पण अप्पांची अट, मोबाइलवरून गाणं घेणार नाही.

"गाणं समोरच्या माणसाच्या तोंडून घ्यायचं असतं," ते म्हणाले. "मी प्रत्येक गाणं संगीतकाराच्या समोर बसून घेतलंय. मशीनला विचारता येत नाही, की बाबा रे, इथं श्वास का तोडलास."

म्हणून मी. मशीनच्या जागी.

पहिलं गाणं 'स्टेटस ठेव ना गं पिलू'. मी एकदा म्हटलं. अप्पांनी मान तिरकी केली.

"पिलू कुणाचं? चिमणीचं?"

"नाही, म्हणजे, पोरगीच. लाडानं."

"आणि स्टेटस कुठं ठेवायचं?"

मी मोबाइल काढून दाखवलं. फोटो टाकायचा, ओळ टाकायची, सगळ्यांना दिसते, दुसऱ्या दिवशी पुसली जाते.

"आपोआप?"

"आपोआप."

अप्पा खिडकीकडं बघत बसले. "म्हणजे तो तिला म्हणतोय की एक दिवस तरी माझं नाव दारावर लाव. वाईट आहे रे हे."

मग गायले. आम्ही ज्याच्यावर गुडघे टेकून नाचतो तेच गाणं. हळू, एकेक अक्षर ओंजळीत धरल्यासारखं. मी पाणी मागितलं. काकू म्हणाल्या, "माठ तिकडे आहे. पाय दिलेत तुला देवानं."

१३ ऑक्टोबर

आज पट्टी समजली. पट्टी म्हणजे गाणारा आपला सा कुठल्या उंचीवर धरतो ती जागा, पेटीवरच्या एकेका सुराच्या नावानं. अप्पांची काळी दोन. वयाच्या विसाव्या वर्षापासून.

"म्हातारपणी सगळ्यांची उतरते," ते म्हणाले. "मी भर कार्यक्रमात सांगितलंय. भरत नाट्य मंदिरात, हाउसफुल होतं. ज्या दिवशी माझी काळी दोन जाईल त्या दिवशी तंबोरा गवसणीत. त्यानंतर उकिडव्यांना कुणी गा म्हणू नये. उतरलेल्या पट्टीत गाणारे मी पाहिलेत. लोक टाळ्या वाजवतात त्या दयेच्या."

"पण तुमची आहे ना अजून."

"आहे म्हणजे! दोन वर्षांपूर्वी आजारात गेली होती. आता परत आली. गेल्या महिन्यात तर इतका मोकळा झाला घसा, की मलाच खरं वाटेना. ज्येष्ठमध. हेमा रोज उगाळून देते."

काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या हातातलं काहीतरी पडलं. स्टीलचं असावं, बराच वेळ फिरत होतं.

गाण्याआधी अप्पा एकदा काकूंच्या बोटाकडं बघतात. बोट काळी दोनवर दिसलं की मान हलवतात आणि डोळे मिटतात.

१९ ऑक्टोबर

तीन दिवस गेलो नाही. निघालो होतो, पण स्वारगेटला कात्रजची बस समोर आली आणि मी चढलो. साप बघितले. एक अजगर मला दोन तासांत एकदाच हलताना दिसला. बाजूच्या बाई आपल्या पोराला म्हणाल्या, "बघ, झोपलाय." झोपला नव्हता. मी बघत होतो. तो सगळ्यांना बघत होता.

परत गेल्यावर काकू म्हणाल्या, "आलात? आम्हाला वाटलं दौऱ्यावर असाल."

२ नोव्हेंबर

आज लवकर पोचलो. अप्पा आंघोळीला गेलेले. दार उघडंच होतं. काकू पेटीशी पाठमोऱ्या. त्यांनी पेटीच्या कडा धरल्या, सुरांची अख्खी रांग उचलली, आणि सरकवली. खट्, खट्, खट्. मग तंबोऱ्याचा सूर देणाऱ्या मशीनचा काटा फिरवला, वर कापड टाकलं. मी खाकरलो तर दचकल्या.

"काय केलंत काकू?"

"धूळ पुसली."

धूळ पुसताना खट् वाजत नाही. मी आमच्या गावात जमिनीचे व्यवहार बघत मोठा झालोय. तलाठ्यासमोर लोक असेच बोलतात.

४ नोव्हेंबर

बुधवार पेठेत गेलो. आधी एका दुकानात जुना वॉकमन दिसला, तो उघडून बघण्यात तासभर गेला. मग वाद्यांच्या दुकानात. गल्ल्यावरचे म्हातारे पेपर वाचत होते. मी विचारलं, अशी पेटी असते का, जिच्यातले सूर सरकतात?

"असते. स्केल चेंजर. घ्यायचीय?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला?"

"सरकवतात कशासाठी?"

त्यांनी पेपर खाली केला. "गाणारा बदलला की सरकवतात. ह्याची पट्टी वेगळी, त्याची वेगळी. वाजवणाऱ्याची बोटं तिथंच राहतात, आवाज बदलतो. समजलं? आता उजेड सोड."

गाणारा बदलला की. बाहेर येऊन मी दगडूशेठच्या रांगेच्या कडेला उभा राहिलो. एकाच वाक्यात सगळं जुळलं. अप्पा आंघोळीला असताना पेटी दुसऱ्या कुणासाठी लावली जाते. कोण येतो? कधी येतो?

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. काकूंनी मला चकल्या दिल्या. मोडक्या होत्या, पण डबा भरून. लाच असेल का?

कुणी येत नाही. मी समोरच्या अमृततुल्यमध्ये चहा घेत बसून दोन दिवस जिन्यावर नजर ठेवली. दूधवाला, गॅसवाला, एक कुत्रं. गाणारा कुणी दिसला नाही. म्हणजे गडबड स्टुडिओत आहे.

२० नोव्हेंबर

स्टुडिओ एरंडवण्यात तळघरात. आठवं गाणं झालं. आधी अप्पांचा नुसता आवाज घेतात, काकूंची पेटी आणि तंबोरा एवढंच बरोबर. बाकीची वाद्यं नंतर. अप्पा रिक्षात बसायला वर गेले, मी डबा विसरला म्हणून परत खाली उतरलो. काचेमागं श्रीधर आणि काकू. स्पीकरवर आत्ताचंच गाणं.

अप्पांचं नव्हतं ते. म्हणजे श्वास तेच, शब्द तेच, पण आवाज वरचा, कोवळा. चाळिशीतल्या माणसाचा.

काकू म्हणत होत्या, "अजून थोडं वर. बरोब्बर काळी दोन पाहिजे. कळता कामा नये."

श्रीधर म्हणाला, "काकू, कुणाला नाही कळणार."

"कुणाला नाही रे. यांना."

मी डबा न घेताच वर आलो. रिक्षात अप्पा गुणगुणत होते. मला म्हणाले, "तोंड का पाडलंस? मी चांगलं नाही गायलो?"

म्हणजे ठरलं. अप्पांच्या श्वासांवर दुसऱ्याचा गळा बसवतायत. आजकाल कॉम्प्युटरवर काहीही होतं. नाव अप्पांचं, फोटो अप्पांचा, आणि गाणार कुणीतरी भलताच. आणि त्यात सामील कोण, तर ज्यांच्याकडं बघून ते डोळे मिटतात त्या.

२३ नोव्हेंबर

दादाला सांगितलं. म्हणाला, "तुझं काय जातंय? त्येंच्या घरचं हाय, त्ये बघतील. तू आधी धड कुठंतरी टिक." दादाला सगळं रान विकून झाल्यापासून दुसऱ्याच्या घरचं काहीच वाटत नाही.

मला वाटतं. बाचा रेडिओ मला आठवत नाही, पण त्यानं आवाज वाढवलेला मला ऐकू येतो.

२७ नोव्हेंबर

सांगून टाकलं.

काकू भाजीला मंडईत गेल्या होत्या. अप्पा दहाव्या गाण्याचे शब्द म्हणत होते. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला फसवतायत."

"कोण? इन्कम टॅक्सवाले?"

मी पेटीचं सांगितलं. स्टुडिओतलं सांगितलं. दुसऱ्या गाणाऱ्याचं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, निदान मला हाकलतील. ते घड्याळाच्या पट्ट्यात बोट घालून बसून राहिले.

"कुठल्या बाजूला सरकवते?"

"म्हणजे?"

"डावीकडे की उजवीकडे?"

मी आठवून बघितलं. "डावीकडे."

"किती घरं?"

"खट् वाजलं होतं. तीनदा."

"तीन." त्यांनी हळूच सा लावला. तोंड मिटूनच, नाकातून. थांबले. पुन्हा लावला. "काळी दोनच्या खाली तीन. पांढरी एक," असं स्वतःशीच म्हणाले. मग हसले की काय केलं ते मला कळलं नाही. "म्हणजे ज्येष्ठमध नव्हे तर."

"अप्पा, तो दुसरा गाणारा…"

"दुसरा कुणी नाही रे. आज जा तू."

जिना उतरताना वर गाणं नव्हतं. मी बरोबर केलं. माणसाला त्याच्याच घरात कुणी फसवत असेल तर सांगायलाच पाहिजे. पण दुसरा कुणी नाही म्हणजे काय?

१ डिसेंबर

अप्पा गात नाहीत. घसा बसला म्हणून काकूंना सांगितलंय. खिडकीत बसतात. मी गेलो तर "ये" म्हणाले, आणि परत खिडकीकडं वळले. तंबोरा भिंतीशी गवसणीत.

४ डिसेंबर

काकूंनी मला जिन्यात गाठलं. हातात दुधाची पिशवी.

"ऊठसूट माझ्या हाताकडे काय बघतोस? संशय पोटात ठेवून माझ्या घरचा चहा प्यायचा नाही. विचार काय ते."

मी म्हटलं, "पेटी."

त्या पायरीवर बसल्या. त्यांना जिन्यात बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"दोन वर्षांपूर्वी यांच्या छातीत पाणी झालं. बरे झाले, पण काळी दोन लागेना. शब्दाचा माणूस. तंबोरा गवसणीत घातला आणि त्या खिडकीत जाऊन बसले. बोलायचे नाहीत. ताट समोर ठेवलं की दोन घास खाऊन सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण यांना जगायचं असेल तर. सहा महिने बघितलं मी ते. मग एक दिवस पेटी एक घर खाली सरकवली आणि म्हटलं, अहो, बघा बरं आज लागते का. लागली. त्या दिवशी त्यांनी आमटी परत मागून घेतली."

दुधाची पिशवी त्यांच्या मांडीवर गळत होती.

"आवाज उतरत गेला, मी पेटी उतरवत गेले, गाणं झालं की परत जागेवर. त्यांना माझी बोटं जागेवर दिसतात, त्यांना वाटतं पट्टी जागेवर आहे. श्रीधर ते मशीनवर परत वर नेतो, म्हणजे पुढं ऐकलं तरी कळू नये. लबाडी आहे. पन्नास वर्षांत केलेली एकच. आता सांग, तू त्यांना काही बोलला नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही."

५ डिसेंबर

खोटं बोललो. रात्रभर नाही, पण सकाळपासून तेच डोक्यात आहे. मी चोर शोधत होतो. त्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, गाणारा बदलला की सरकवतात. खरंच होतं ते. मला गाणारा म्हणजे दुसरा माणूस वाटला. तोच माणूस बदलतो हे डोक्यात आलं नाही.

आता ते पुन्हा खिडकीत बसलेत, आणि ते माझ्यामुळं.

९ डिसेंबर

नाशिकला जायचं ठरवलं होतं. तिकडं द्राक्षाच्या बागेत एक मित्र कामाला आहे. शिवाजीनगर स्टँडवर बसून राहिलो, दोन गाड्या सोडल्या. तिसरी लागली तेव्हा श्रीधरचा फोन. "अप्पांनी उद्याची वेळ मागितलीय. दहावं गाणं. तुला आणायला सांगितलंय."

मी विचारलं, कशाला मला? तो म्हणाला, मला काय माहीत, बहुतेक शिव्या द्यायला.

१० डिसेंबर

काकू सकाळीच पुढं स्टुडिओत गेल्या होत्या. आता मला माहीत आहे कशाला. मी आणि अप्पा रिक्षात. लकडी पुलाशी ते म्हणाले, "तू हेमाला सांगितलंस, की मला सांगितलंस म्हणून?"

"नाही. खोटं बोललो."

"बरं केलंस. एकदा खरं बोलून बघितलंस ना, त्याचं काय झालं ते दिसलंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं. तुम्ही गाणं सोडू नका."

"मी शब्द दिलाय लोकांना."

"लोक विसरले असतील."

"विसरले असतील," ते म्हणाले. "मी नाही विसरलो. हे काही तुझं स्टेटस नव्हे आपोआप पुसलं जायला, उकिडव्याचा शब्द आहे." डेक्कनला सिग्नलवर म्हणाले, "चौदा दिवस गायलो नाही. खिडकीतून काय दिसतं सांगू? पार्किंग. हेमा तरी काय करणार होती बिचारी."

आत गेलो तर काकू पेटीशी तयार. बोटं काळी दोनवर. चेहरा असा, की परीक्षेचा पेपर समोर आलाय. अप्पा माईकसमोर बसले. नेहमीसारखं त्यांच्या बोटाकडं बघितलं. मान हलवली. डोळे मिटले. काकूंनी सूर धरला.

दहावं गाणं उंच आहे. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला वर जाताना आवाज फाटला. अप्पा थांबले. काचेमागं श्रीधरनं हात वर केला, हरकत नाही, परत घेऊ.

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. साधं बोलतात तसं म्हणाले, "हेमा, वरचा सा चिकटतोय. अजून खाली घे."

काकू हलल्या नाहीत. भाता अर्धा दाबलेला तसाच. पेटीतून हवा जात होती, फस्स करून, तेवढाच आवाज.

"काय घेऊ?" त्या म्हणाल्या.

"पेटी, अगं. सरकव. ही पोरं काय खाणार आहेत का आपल्याला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्या नजरेचं मी इथं लिहिणार नाही. मग अप्पांकडं बघितलं. अप्पांनी डोळे उघडले होते. मला सारखं वाटत होतं, आता त्या उठून जातील.

श्रीधर स्पीकरवरून म्हणाला, "अप्पा, मी नंतर वर घेऊ शकतो, काही अडचण नाही."

"वर कशाला? मी खाली बसून गातोय, माझा आवाज माळ्यावर कशाला ठेवतोस? झालेली नऊ पण खाली आण. आणि कव्हरवर छाप, पट्टी पांढरी एकच्याही खाली. ज्याला दया यायची त्याला येऊ दे."

काकूंनी पदर खोचला. पेटीच्या कडा धरल्या. सगळ्यांसमोर, पाठ न फिरवता, सुरांची रांग उचलली. आवाज नेहमीचा, खडूस.

"एक घर की दोन?"

अप्पांनी घसा साफ केला. "एकच घे. पुढच्या वर्षीला लागेल काहीतरी."